घरच्यांचे तास

“कोणी नाही,” म्हातारा म्हणाला, आणि मी तेच इंग्रजीत म्हणाले. नोबडी. माझं कामच ते आहे. लीड्समधल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत, कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये जेमतेम मावलेल्या टेबलाशी बसून, कानाला हेडसेट लावून मी दिवसभर दुसऱ्यांचं बोलत असते. एका टोकाला डॉक्टर नाहीतर नर्स, दुसऱ्या टोकाला मराठी किंवा हिंदी बोलणारा पेशंट, आणि मध्ये मी, दुभाषी. पेशंट म्हणाला ‘माझं दुखतंय’ की आपणही ‘माझं दुखतंय’ असंच म्हणायचं, ‘त्यांचं दुखतंय म्हणतात’ असं म्हणायचं नाही. त्यामुळे दुपारच्या जेवणापर्यंत मी दोन बाळंतिणी आणि एक मुतखडा होऊन गेलेली असते. काही गाळायचं नाही, पदरचं काही घालायचं नाही, आणि आपलं मत तर घरातल्या मांजरालाही कळू द्यायचं नाही. बारा वर्षं हे काम करते आहे आणि माझ्याबद्दल एक तक्रार नाही. तेव्हा ‘कोणी नाही’ हे एवढेसे दोन शब्द मी सहज इकडून तिकडे नेऊन ठेवायला हवे होते. ठेवलेही. पण ठेवताना टेबलाची कड हातात इतकी घट्ट धरली गेली की बोटं पांढरी पडली, आणि मग माझ्या लक्षात आलं की मला राग आलाय. साधासुधा नाही. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तो.

प्रश्न साधा होता. हेलन नावाची रिसर्च नर्स तो विचारत होती, साउथहॅम्प्टनमधल्या दीनानाथ नावाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गृहस्थांना. गेल्या चार आठवड्यांत घरच्या किंवा ओळखीच्या कुणी तुमची देखभाल केली का, आणि केली असेल तर आठवड्याला साधारण किती तास. हेलनने सुरुवातीलाच सगळं नीट समजावून सांगितलं होतं, हळू आणि गोड आवाजात, जशा या नर्सेस सांगतात. ऑपरेशननंतर काही बिघडलं, जखम चिघळली, टाका सुटला, पुन्हा उघडावं लागलं, तर त्याचा एकूण खर्च किती होतो, हे मोजणारा हा अभ्यास. हॉस्पिटलचा खर्च आम्हांला आमच्याकडूनच मिळतो, ती म्हणाली, जादा रात्री किती राहिलात, दुसरं ऑपरेशन, स्कॅन, औषधं, सगळं कॉम्प्युटरवर आहे. पण घरात काय खर्ची पडतं ते फक्त तुम्हीच सांगू शकता. आणि मग जरा थांबून, आणखी गोड होऊन ती म्हणाली होती की तुम्हांला मदत लागते आहे असं तुमच्या उत्तरातून दिसलं, तर मी ते कम्युनिटी नर्सेसना कळवू शकते, त्या पुन्हा घरी यायला लागतील. हे सगळं मी मराठीत सांगितलं. त्याच्या आधी, फोन सुरू होतानाच, मी माझं नेहमीचं पालुपदही सांगितलं होतं: तुम्ही जे बोलाल ते सगळं मी सांगेन, त्या जे बोलतील तेही सगळं मी सांगेन. “हो हो, कळलं,” म्हातारा म्हणाला होता. आणि पुढच्याच श्वासाला: “तुम्ही कुठल्या? आडनाव काय?”

हे आपलेच लोक. गुजराती म्हातारा विचारत असेल-नसेल, पंजाबी म्हातारी ‘बेटा बेटा’ करून मोकळी होते. आपल्या माणसाला मात्र आधी आडनाव लागतं. मी ते हेलनला सांगितलं, की पेशंट विचारतात तुमचं आडनाव काय. ती गोंधळली. “माझं?” “नाही, इंटरप्रिटरचं.” मग ती हसली आणि मीही नियमाप्रमाणे सांगितलं की इंटरप्रिटर स्वतःबद्दल माहिती देऊ शकत नाही. “असं होय,” म्हातारा म्हणाला, पण दुखावल्यासारखा. मराठी दुभाष्याला मुळात फोनच कमी येतात, कारण आपली माणसं इंग्रजी येत नसलं तरी येतं म्हणून सांगतात. हा वीज मंडळात आयुष्य काढलेला, निवृत्त झाल्यावर मुलाकडे येऊन राहिलेला माणूस, एवढं सुरुवातीच्या माहितीतच आलं होतं. त्याचं इंग्रजी बिलं आणि टेंडरं यांच्यापुरतं पक्कं असणार. पण पोटाची चिरफाड, आतड्याचा जोड, पिशवी, हे शब्द त्याला कुठून येणार. आणि घरच्यांनी भाषांतर करायचं नाही असा तिथल्या हॉस्पिटलचा नियम. म्हणून मी.

त्याचं ‘कोणी नाही’ मी हेलनला दिलं तेव्हा त्याच्या मागे कुठेतरी नळ चालू होता आणि दूर सीगल्स कलकलत होते. नळ बंद झाला. एक बाईचा आवाज आला, तरुण, दमलेला. “बाबा, असं काय? सोमवारपासून मी कामावर जाणार आहे. नर्स नाही आली तर ड्रेसिंग कोण करणार? सांगा ना त्यांना.” ऐकू आलेलं सगळं सांगायचं हाही नियमच आहे, म्हणून मी सांगितलं. मागे एक बाई बोलत आहेत, त्या म्हणतात की बाबा, सोमवारपासून मी कामावर जाणार आहे, नर्स नाही आली तर ड्रेसिंग कोण करणार. हेलन म्हणाली, “ओह. घरातल्या कुणी आहेत का? सॉरी, पण उत्तरं मला त्यांचीच घ्यावी लागतात. अभ्यासात ते आहेत.” म्हाताऱ्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, “सून आहे, वैभवी. तिला काय कळतंय. मी माझं माझं सगळं करतो.” आय डू एव्हरीथिंग मायसेल्फ, मी म्हणाले. माझ्या तोंडून, माझ्या आवाजात. “ग्रेट,” हेलन म्हणाली, आणि कीबोर्डवर टाइप केल्याचा आवाज आला. “दॅट्स झीरो, देन.” शून्य.

माझं माझं सगळं करतो. मला माहीत आहे हे माझं माझं. उघडी जखम आपली आपण भरत नाही. तिच्यात रोज पट्टी आत सरकवावी लागते, दाबून नाही, हलकेच, नाहीतर आत पोकळी राहते, आणि जुनी पट्टी ओढताना पेशंट ज्या नजरेनं आपल्याकडे बघतो ती नजर जेवायला बसलं तरी समोर असते. पोटावर लावलेली शौचाची पिशवी आपली आपण रिकामी होत नाही. ती पहाटे सुटते, हमखास धुतलेल्या चादरीवर सुटते. मग चादर, गादीवरचं प्लास्टिक, कपडे, माणूस. मग हाताचा वास. साबण लावा, लिंबू लावा, तो वास नखांच्या मुळाशी राहतो आणि कणीक मळताना वर येतो. मी ताज्या कणकेला नाक लावून बघायची, तिला तर लागला नाही ना म्हणून. मग सगळ्यांना वाढायची आणि मी स्वतः दहीभात खायची, चमच्याने.

आमच्या आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, यमुनाबाईंचं, हेच झालं होतं. आतड्यातली गाठ काढली, चौथ्या दिवशी जोड सुटला, पुन्हा पोट उघडलं. त्या वर्षी मी मास्तरीण होत होते. खरीखुरी, इथली, गणिताची. सकाळी ब्रॅडफर्डच्या एका शाळेत ट्रेनिंगला जायचं, आठवीच्या पोरांना अपूर्णांक शिकवायचे, आणि ती पोरं, त्यातली अर्धी आपल्यासारख्याच घरातली, मला ‘मिस’ म्हणायची. ‘मिस’ या शब्दाची मला लग्नात मंगळसूत्राची वाटली नसेल इतकी अपूर्वाई वाटायची. आईंना घरी सोडायच्या दिवशी मी शाळेतूनच थेट वॉर्डात गेले. गळ्यात शाळेचं ओळखपत्र होतं, फितीला लटकलेलं, त्यावर माझा फोटो. नर्सने विचारलं, घरी बघायला कोण आहे? शशिकांत, माझा नवरा, म्हणाला, “माय वाइफ इज ॲट होम.” मी तिथे उभी होते. फोटो बाहेरच्या बाजूला होता, उलटा पडला नव्हता. नर्सने माझ्याकडे बघून मान हलवली, शाबासकी दिल्यासारखी, आणि काहीतरी टिपून घेतलं. मी काही बोलले नाही, कारण वॉर्डात, आजारी सासूच्या पलंगाशी, चार माणसांत नवऱ्याला खोटं पाडायचं नसतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आठवीच्या अपूर्णांकांपेक्षा पक्कं येत होतं तरी.

शाळेने समजून घेतलं. इथे सगळे सगळं समजून घेतात. तीन आठवडे घ्या, म्हणाले. मग या टर्मऐवजी पुढच्या टर्मला या. मग पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा, आम्हांला आनंदच होईल. सात महिने आईंची जखम उघडी होती. नर्स आठवड्यातून तीनदा यायची, मागे मागे एकदा, आणि दर वेळी म्हणायची की तुम्ही किती छान करता, यू आर अ नॅचरल. आई वाईट नव्हत्या. मी साफ करायला लागले की त्या भिंतीकडे तोंड करायच्या. लाज वाटायची त्यांना, आणि मला ते कळायचं. पण संध्याकाळी त्या नागपूरला बहिणीशी फोनवर बोलायच्या तेव्हा मी शेजारी उशांचे अभ्रे घालत असायची, आणि त्या म्हणायच्या, “माझा शशी फार करतो गं.” शशी करायचा. ऑफिसातून आला की त्यांच्या खोलीच्या दारात उभं राहून ‘काय म्हणतेस’ विचारायचा.

पण ते एक वेळ मी गिळलं. जे गिळता आलं नाही ते निराळंच. पुढच्या भाद्रपदात मंडळाच्या गणपतीत, शाळेच्या हॉलमध्ये लांबच लांब टेबलं मांडली होती, मी मसालेभाताचं पातेलं घेऊन वाढत होते, आणि शशिकांत चार मित्रांना सांगत होता, “आमच्या आईचं एवढं मोठं झालं, दोन ऑपरेशनं, आयसीयू, पण एक पेनी लागली नाही रे. इंडियात असतो तर फ्लॅट विकावा लागला असता. सगळं फुकट.” आणि ते चौघे माना डोलावत होते, कुणीतरी म्हणालंसुद्धा की बाकी काही म्हणा, सिस्टीम चांगली आहे. मी डाव धरून उभी होते. सगळं फुकट. वाढा ना वहिनी, एक जण म्हणाला. मी वाढलं. इतकं वाढलं की पत्रावळीच्या काठावरून भात त्याच्या मांडीवर गेला, आणि सगळे हसले, मीही हसले. ती वेळ होती पातेलं खाली आपटायची. आपटलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. यात मौज अशी की तोंडही आपलंच आणि दाबणारा हातही आपलाच.

दरम्यान हेलन पुढे गेली होती. टॅक्सीचे पैसे, पॅड आणि क्रीम विकत घ्यावी लागतात का, झोप लागते का. मी दोन्हीकडून नीट बोलत होते. डोकं कुठेही असो, जीभ सवयीने चालते. “बरी लागते झोप,” म्हातारा म्हणाला. “रात्री पिशवी बदलावी लागते एक-दोनदा.” कोण बदलतं हे हेलनने विचारलं नाही, कारण कोण हा प्रश्न मागच्या पानावर झाला होता आणि त्याचं उत्तर शून्य होतं. मग ती म्हणाली की एक मिनिट, माझी स्क्रीन अडकली आहे, सॉरी, थांबा हं. सीगल्स. दार लोटल्याचा आवाज. सून खोलीबाहेर गेली असावी. आणि म्हातारा घसा खाकरून, आवाज खाली आणून, जसं लग्नात शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी बोलतात तसा बोलायला लागला.

“हे बघा बाई, तुम्ही आडनाव सांगत नाही, नका सांगू. पण बोलण्यावरून चांगल्या घरातल्या वाटता. आपलं माणूस म्हणून सांगतो. सूनच करते सगळं. पोरगी चांगली आहे, अंघोळ, पट्टी, पिशवी, रात्रीचं उठणं, सगळं बिनतक्रार. माझा नकुल कामापायी सदा बाहेर. आता हिची रजा संपली, सोमवारी रुजू व्हायचं म्हणते, म्हणून हट्ट धरून बसलीय की नर्स मागा. मीच बंद केली ना ती नर्स. परकी बाई रोज घरात येणार, पांघरूण काढणार, बरं दिसतं का ते? वैभवी लांबवेल रजा, तिला समजावता येईल. हे सगळं त्या गोऱ्या बाईंना सांगायची गरज नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“आय ॲम बॅक,” हेलन म्हणाली. “सॉरी अबाउट दॅट. ते काही म्हणाले का?”

बारा वर्षांत माझ्याशी असं कितीतरी जण बोललेत. नवरा कुठे मारतो ते, दारू किती पितो ते, आणि मग ‘पण हे सांगू नका’. दर वेळी मी सांगितलंय, कारण नियम आहे, आणि दर वेळी जिवाला लागलंय. या वेळी लागलं नाही. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. नियम माझ्या बाजूला येऊन बसला होता, आयुष्यात पहिल्यांदा. मी एकेक वाक्य सांगितलं. माझी सून सगळं करते. अंघोळ, पट्टी, पिशवी, रात्रीचं उठणं. नर्स मीच बंद केली. परकी बाई पांघरूण काढते ते बरं दिसत नाही. सून रजा लांबवेल, तिला समजावता येईल. तुम्हांला हे सांगायची गरज नाही. झाकलेली मूठ सव्वा लाखाची असते. “सव्वा लाख कसले?” हेलनने विचारलं. मी म्हणाले, ही म्हण आहे, झाकून ठेवलं की किंमत राहते अशा अर्थाची. “राइट,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच गोड राहिला नाही, नुसता माणसाचा झाला.

म्हाताऱ्याला इंग्रजी कळत होतंच. मी तिसऱ्या वाक्यावर असतानाच तो “अहो, अहो बाई” करायला लागला होता. हेलनने विचारलं, मिस्टर दीनानाथ, मग मागच्या प्रश्नाचं उत्तर बदलायचं का? मी ते मराठीत विचारलं, आणि तो तडकला. “मी असं काही बोललोच नाही. तुम्ही मराठी असून असं करता? ही काय रीत झाली?” मी तेही सांगितलं. यू आर मराठी अँड यू डू धिस? व्हॉट सॉर्ट ऑफ मॅनर्स आर दीज? सांगताना आवाज एकदम सपाट ठेवला, आणि त्या सपाटपणाची मला इतकी चव आली की मला माझीच जरा भीती वाटली.

दार पुन्हा वाजलं. वैभवी आली होती. काहीतरी चढ्या आवाजात झालंय हे तिला बाहेर कळलं असणार. फोन स्पीकरवर होता, ती थेट इंग्रजीत म्हणाली, “हाय, सॉरी, इज एव्हरीथिंग ओके?” हेलनने तिला विचारलं, की तुम्ही त्यांची काळजी घेता असं ते म्हणाले, ते बरोबर आहे का? बोल, पोरी. “आय मीन, येस,” वैभवी म्हणाली, “बट इट्स फाइन, इट्स जस्ट… यू नो, नॉर्मल स्टफ. फॅमिली स्टफ.” आणि हसली. ते हसणं मला ओळखीचं होतं. मांडीवर भात सांडल्यावरचं. पाच मिनिटांपूर्वी सासऱ्याशी भांडत होती ती, दमलेली, खरी. आता परक्या माणसापुढे घराची अब्रू पदराखाली घेऊन उभी राहिली. हेलन म्हणाली, “थँक यू, वैभवी. हे कितीही असलं तरी आकडा मला त्यांनीच मान्य करावा लागेल. ते हो म्हणाले तर तास मी तुम्हांला विचारून लिहू शकते, आणि नर्सेसनाही आजच सांगू शकते. ते नाही म्हणाले, तर मला शून्यच ठेवावं लागेल.” मी म्हाताऱ्याला सांगितलं. शब्दाला शब्द.

“शून्य लिहा म्हणावं,” तो म्हणाला. “घरच्या माणसाचे तास मोजत नाहीत आमच्यात.”

आणि मी ते इंग्रजीत म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर मराठी आलं.

“का नाही मोजत, काका?” मी म्हणाले. “वीज मंडळात होतात ना? तिथे घरोघरी मीटर बसवलेत ना? तुमचं पोट दुसऱ्यांदा उघडलं त्याचा खर्च मोजलाय यांनी. तुम्ही जादा झोपलात त्या खाटेचा मोजलाय, सलाइनच्या नळीचासुद्धा मोजलाय. एक त्या पोरीलाच फुकट लिहा म्हणता? लाज वाटते नर्सने पांघरूण काढायची, आणि तिने काढायची नाही वाटत? माझ्या सासूचं मी सात महिने केलंय, हेच, अगदी हेच. मास्तरीण होत होते मी. वर्गात उभी राहिलेली होते. घरात बसले ती आजपर्यंत बसलेली आहे, लोकांचं बोलत. आणि माझा नवरा गावभर सांगतो की एक पेनी लागली नाही. मी नव्हते का? मी कोण होते? तिला जाऊ द्या सोमवारी. मुकाट्याने जाऊ द्या.”

खोलीत एकदम फार उजेड आहे असं मला वाटलं. समोरच्या घराची कचऱ्याची निळी पेटी वाऱ्याने हलत होती. कॉल रेकॉर्ड होतात. हे कुठेतरी जाऊन बसलं होतं, माझ्या आवाजात, खोडता न येण्यासारखं. कंपनीचा माणूस ऐकेल, ईमेल येईल, आणि मग कदाचित फोन यायचे बंद होतील. हे सगळं मला अगदी स्पष्ट दिसलं आणि भीती काही वाटेना. पलीकडून फक्त वैभवीचा श्वास ऐकू येत होता.

“इंटरप्रिटर?” हेलन म्हणाली. “काय बोलणं झालं ते मला सांगाल का, प्लीज?”

सांगायला हवंच. दुभाषी स्वतः होऊन काही बोलली तर तेही दुसऱ्या बाजूला सांगायचं असतं, आणि स्वतःला ‘मी’ म्हणायचं नसतं, ‘मी’ पेशंटचा. मी सांगायला लागले. पेशंट म्हणाले, शून्य लिहा, घरच्या माणसाचे तास आमच्यात मोजत नाहीत. त्यावर इंटरप्रिटरने विचारलं, का नाही मोजत. इंटरप्रिटर म्हणाली की तिने सासूची सात महिने अशीच देखभाल केली. ती शिक्षिका होणार होती, झाली नाही. तिचा नवरा म्हणतो की या सगळ्याला काहीच खर्च आला नाही. इंटरप्रिटरने विचारलं की मग ती कोण होती. इंग्रजीत हे सगळं इतकं थोडं निघालं. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाला तरी सांगत होते आणि तेही दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं, कागदावरून वाचल्यासारखं, आणि माझा आवाज मध्येच चिरकला तो त्या इंटरप्रिटर बाईचा की माझा हे मला सांगता आलं नसतं.

“आय ॲम रिअली सॉरी दॅट हॅपन्ड टु यू,” हेलन म्हणाली. मनापासून म्हणाली, तेवढं कळतं मला. “पण तुम्ही अभ्यासात नाही. तुमचं मला कुठेच लिहिता येणार नाही.”

“काय म्हणतात त्या?” म्हाताऱ्याने विचारलं. या खेपेला त्याला खरंच कळलं नव्हतं, की कळूनही ऐकायचं होतं, कोण जाणे.

“त्या म्हणतात,” मी म्हणाले, “माझं त्यांना कुठेच लिहिता येणार नाही.”

त्याची खुर्ची करकरली. वैभवी हळूच म्हणाली, “बाबा, राहू दे. मी रजेचं बघते काहीतरी, कळवते ऑफिसला.” तिने ते इतक्या सहज म्हटलं, वर्षानुवर्षं म्हणत आल्यासारखं, की हेडसेट काढून भिंतीवर मारावा असं वाटलं. पण तिचं वाक्य सांगायचं होतं. मी ते सांगितलं. लीव्ह इट, बाबा. आय विल सी अबाउट माय लीव्ह, आय विल टेल द ऑफिस. माझ्या तोंडून ते बाहेर पडलं तेव्हा म्हाताऱ्याने मध्येच “थांब” म्हटलं. तिला की मला, ते कळलं नाही.

“म्हाताऱ्यांच्या होममध्ये नाही ना टाकणार मला?” तो म्हणाला. आवाज बदलला होता. मघाचा वीज मंडळाचा साहेब त्यात नव्हता. मी विचारलं. हेलन म्हणाली, नाही, अजिबात नाही, फक्त नर्स घरी येईल. मी सांगितलं. मग तो बराच वेळ नुसता श्वास घेत होता. म्हाताऱ्याची दया यावी अशी ती जागा होती. मला आली नाही. मी वाट बघत होते.

“लिहा म्हणावं,” तो शेवटी म्हणाला, त्रासून, जबरदस्तीने सही केल्यासारखा. “सून करते. सगळं सून करते. किती ते तिलाच विचारा. मला नाही माहीत.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. माय डॉटर-इन-लॉ डज इट. शी डज ऑल ऑफ इट. हाउ मच, आस्क हर. आय डोन्ट नो. आणि मग पुन्हा एकदा, मोठ्याने: आय डोन्ट नो. त्याने ते एकदाच म्हटलं होतं.